बरडाला साजेसं दाताळं

रंगमंचावर प्रवेश कसा करावा, हे मी भल्याभल्या नटांच्या पायाशी बसून शिकलो. पण धावड्याच्या सोनूबाईंसारखा प्रवेश फार थोड्यांना जमला. आधी गल्लीच्या वळणावरून गवताचा भारा येतो. भारा एवढा मोठा की खाली माणूस आहे हे कळतच नाही. मग त्या गवतातून आवाज येतो, "सरका, सरका, शिंगं लागतील." शिंगं अर्थातच नसतात. पोरं खिदळत बाजूला होतात, भारा गोठ्याच्या दारात धपकन खाली पडतो आणि मग सोनूबाई दिसतात. सावळ्या, काटक, केसांत काड्या अडकलेल्या आणि चेहऱ्यावर असं समाधान, की पडदा तिथंच पडावा.

नाटक कंपनी बंद पडल्यावर मी बहिणीच्या आधारानं या गावात येऊन राहिलो. रोज सकाळी किटली घेऊन सोनूबाईंकडं दुधाला जातो. त्या मला भाऊ म्हणतात, गावातली पोरं आबा म्हणतात. दूध आणायला अर्धा तास आणि गप्पा ऐकायला एक तास, असा माझा तो नेम आहे. त्यामुळं पुढची हकिकत मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी तिथंच होतो.

गावाच्या वरच्या अंगाला, अजिंठ्याच्या डोंगराकडं चढत जाणाऱ्या उतारावर सोनूबाईंचं बरड आहे. बरड म्हणजे मुरूम आणि दगडगोट्यांची माळरानासारखी जमीन. लग्न होऊन आल्यावर त्यांनी आणि त्यांचे मालक रामकिसन यांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे दगड वेचले, बांध घातले, तेव्हा कुठं त्या उताराच्या लहान लहान पट्ट्या झाल्या. पण एक पट्टी दुसरीसारखी नाही. एक लांबट, एक परातीसारखी खोलगट, एकीच्या मधोमध पालथी कढई ठेवावी तसा उंचवटा. कितीही वेचले तरी नांगराच्या फाळागणिक नवे दगड वर येत राहिले. रामकिसन आता नाहीत. बांध मात्र सगळे जागेवर आहेत.

पूर्वी तिथं कापूस असायचा. तो काही गुडघ्याच्या वर गेला नाही. मालक गेल्यावर सोनूबाईंनी कापूस बंद केला, बदनापूरकडच्या भाचीकडून मारवेल गवताची ठोंबं आणली आणि पावसाळ्यात सगळ्या बरडावर लावून टाकली. शेजारचा पुंजाराम बांधावर उभा राहून बघत होता.

"वहिनी, लोक गवत उपटून फेकून राह्यले अन् तुम्ही लावून राह्यल्या."

"मंग काय, तुमच्या म्हशीला कापसाच्या वाती वळून खाऊ घालता का?" वाकल्या वाकल्याच त्यांनी विचारलं.

गवत असं माजलं की उन्हाळाभर गावातल्या गोठ्यांत जनावरं हंबरत असताना सोनूबाईंच्या गाई दूध देत राहिल्या. पण गवताचं एक असतं. ते कापलं की उन्हात वाळवायचं आणि वाळलं की लगेच गोळा करायचं. उशीर झाला तर दव पडतं, आभाळ येतं, आणि सोन्यासारखा चारा काळा पडतो. नेमकी तीच कापूस वेचणीची वेळ. सगळ्या मजूर बाया कापसात. गेल्या वर्षी सोनूबाई आणि त्यांची सून शालू, दोघीच गवत ओढून गोळा करायची, बाभळीच्या दातांची लाकडी दाताळी घेऊन बरडावर राबल्या. निम्मं गवत गोळा व्हायच्या आत अवकाळी पाऊस आला. पुढं महिनाभर त्या काळ्या गवताचा कुबट वास गोठ्यात होता.

"भाऊ, माझ्या कपिलेनं तोंड फिरवलं," त्या मला म्हणाल्या होत्या. "घरच्या गाईनं तोंड फिरवलं म्हणजे काय राहिलं?"

त्यांचा मुलगा बबलू ट्रॅक्टर चालवतो. गुणी पोरगा आहे. आईला उतारावर दाताळं ओढताना बघणं त्याला सहन होत नव्हतं. तो म्हणाला, "माय, आणखी एक साल बघू. पुन्हा चारा सडला तर मी जेसीबी लावतो. बांध काढून सगळं बरड सपाट करतो अन् मोसंबी लावतो. तू आरामात बस."

सोनूबाई एवढंच म्हणाल्या, "बराबर हाये." पण त्या दिवशी किटलीत दूध ओतताना त्यांची नजर उतारावरच्या बांधांवर होती. जेसीबीला ते काढायला एक दुपार पुरली असती.

म्हणून यंदा यंत्र घ्यायचं ठरलं. चतुर्थीला आम्ही सगळे राजूरला गेलो. गणपतीचं दर्शन झालं आणि तिथून हरिओमच्या अवजारांच्या दुकानात. हरिओम हसतमुख, बोलका माणूस. सोनूबाईंना मावशी म्हणतो. दुकानाच्या पुढ्यातच ट्रॅक्टरमागं जोडायचं मोठं रेक, म्हणजे यंत्राचं दाताळं, उभं होतं. लाल रंग, लोखंडी सूर्यफुलांसारखी एका रांगेत मोठी मोठी चाकं. मला तर ते बघून आमच्या कंपनीचा दरबारी पडदा आठवला.

बबलूचे डोळे चमकले. "माय, हेच. एका फेऱ्यात अर्धी पट्टी साफ."

"झकास हाये," सोनूबाई म्हणाल्या आणि दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात गेल्या. तिथं धूळ खात एक बैलांचं दाताळं पडलं होतं. दोन उंच चाकं, वर लोखंडी बैठक, मागं स्प्रिंगच्या तारेचे लांब, गोल बाकाचे दात आणि ते सगळे एकदम उचलायचा दांडा. सोनूबाई त्याच्यापुढं उकिडव्या बसल्या आणि एकेक दात अंगठ्यानं दाबू लागल्या.

"मावशी, ते बैलाचं हाये," हरिओम म्हणाला. "आता कुणी विचारत न्हाई त्याला."

"दात बघून राह्यले. बैल घेताना बघतो का न्हाई?"

"बैलाचे दात वय सांगतात. ह्याचे काय सांगणार?"

"एकाला धक्का दिला तर शेजारचा बिचकतो का, ते सांगतात." त्यांनी एक दात वर रेटला. शेजारचे तसेच राहिले. सोडला, तो जागेवर आला. सोनूबाई उठल्या. "हे बघ हरिओम, आमच्याकडं बैल जुंपून पाहिल्याबिगर घेत न्हाईत. बाजारात सगळेच बैल चांगले चालतात. मोठं, छोटं, दोन्ही माझ्या रानात आण. तिथं चालंल ते माझं."

बबलू कपाळावर हात मारून म्हणाला, "माय, हे काय जनावर हाये का?"

पण हरिओमला ती कल्पना आवडली. "आणतो मावशी. धावड्यात कुणी तरी यंत्र बघंल तर खरं."

ठरल्या दिवशी सकाळी सगळं गाव बरडावर. उंचवट्याच्या पट्टीतलं गवत कापून वाळलेलं होतं. बाकीचं अजून उभं होतं. पुंजाराम खास धुतलेलं धोतर नेसून आला होता. हरिओमनं टेंपोतून छोटं दाताळं उतरवलं आणि मोठं रेक बबलूच्या ट्रॅक्टरला जोडलं.

बबलूनं ट्रॅक्टर पुढं काढला आणि ती लोखंडी सूर्यफुलं गरगर फिरू लागली. काय देखावा होता तो. विखुरलेलं गवत उचललं जाई, वळे आणि बाजूला सलग ओळ पडत जाई, एखाद्या मुलीच्या पाठीवर वेणी उतरावी तशी. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू. पट्टी बघता बघता झाली. बबलू ट्रॅक्टरवरून उतरला तो हिरोसारखा.

"वहिनी, आता पेढे सांगा," पुंजाराम म्हणाला.

सोनूबाईंनी चपला काढल्या आणि अनवाणी पट्टीतून चालायला लागल्या. इकडून तिकडं गेल्या, उंचवट्यावर थांबल्या, परत आल्या. कपाळाला आठी. मला वाटलं, आनंदानं गांगरल्या असतील.

"शालू," त्यांनी हाक मारली. "इथले दगड कुठं गेले गं?"

शालू पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. शेजारणी एकमेकींकडं बघू लागल्या.

"आत्याबाई, पाहुणे येणार, सगळं गाव येणार, म्हणलं रान कसं दिसंल," शालू म्हणाली. "मंग काल आम्ही बायांनी वेचून घेतले. बोरीचं झुडूपही काढलं. अन् उंचवट्याच्या बाजूला खड्डा होता, त्यात टोपल्या टोपल्या माती टाकून सारखं केलं."

बांधापलीकडं खरंच दगडांचा ढीग होता. आमच्या गावाची ही रीत आहे. पाहुणा येणार म्हटलं की अंगण सारवतील, भिंतीला पोतेरं देतील, उसन्या चादरी आणतील. पण परीक्षेला आलेल्या यंत्रापुढं रानच सजवून ठेवायचं, हे आमच्या धावड्यातच घडावं. बबलू खाली बघत होता. त्यालाही ठाऊक नव्हतं. हरिओमनं हात जोडले, "मावशी, देवाशपथ, मी न्हाई सांगितलं."

आता शालूची काही धडगत नाही, असं वाटलं. आणि सोनूबाई हसायला लागल्या. पोट धरून हसल्या.

"अगं, दारात सडा टाकतात, रानात न्हाई," त्या म्हणाल्या. "बरं झालं. पाहुणचार झाला. आता ह्या लोखंडाला आपली रोजची भाकर वाढू. चला, दगड परत टाका."

"परत?" पुंजाराम म्हणाला. "रानातले दगड काढताना पाहिलंय वहिनी, टाकताना कुणी पाहिलं न्हाई."

"मंग आज पाहा. अन् पाहता पाहता दोन उचला."

नाटकातल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते. सिंहासन दोन हात इकडं ठेवलं तर राजाचा प्रवेश फसतो. त्या सकाळी सोनूबाईंनी पट्टी लावली ती तशी. उंचवट्यावर उभ्या राहून हात करत होत्या, आणि अख्खं गाव, हरिओमसकट, दगड घेऊन धावत होतं. मीही धावलो, जमेल तेवढं.

"तो चपटा तिकडं, बांधाकडं तोंड करून. तो न्हाई, तो पुंजारामभाऊच्या डोक्याएवढा, तो मधी."

"माझं डोकं कशाला मधी आणता?"

"मापाला लागतं."

बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. शालू खड्ड्यातली माती उपसत होती. शेवटी ढिगात एक मोठा काळा दगड उरला.

"तो बोरीच्या बुडाशी," सोनूबाई म्हणाल्या. आवाज जरा खाली आला. "बबल्याचे बाप त्याच्यावर बसून तंबाखू मळायचे."

कुणी पुढं व्हायच्या आत बबलूनं तो दगड उचलला. एकट्यानं, छातीशी धरून. बोरीच्या खुंटापाशी नेऊन हळूच ठेवला, हलवून पाहिला, नीट बसवला. मग गवत पुन्हा पसरायला लागला.

ट्रॅक्टर पुन्हा निघाला. आता मात्र नाटक वेगळं झालं. सपाटीवर रेक पहिल्यासारखंच चाललं. उंचवट्याच्या बाजूची भर निघाली होती, तिथं कडेची चाकं अधांतरी फिरू लागली. खड्ड्यावरून तर ते पुलासारखं निघून गेलं, खालचं गवत तसंच. बांधाशी दगडांमुळं आता वळायला जागा पुरेना. मागं घे, पुढं घे. उताराच्या टोकाला एका दगडावर चढून ट्रॅक्टरचं एक चाक जरा उचललं, आणि सोनूबाईंच्या तोंडून हाक निघायच्या आत बबलूनं इंजिन बंद केलं.

तो उतरला आणि पडलेल्या ओळीजवळ गेला. मूठभर गवत उचलून झटकलं. खडे आणि माती खळखळून खाली पडली. त्यानं पुन्हा दुसरीकडं झटकलं. पुन्हा तेच.

"माय," तो म्हणाला, "हे कपिलेच्या दाताखाली जाईल."

"जाईल," सोनूबाई म्हणाल्या. हरिओमकडंही त्यांनी रागानं पाहिलं नाही. "यंत्र चांगलं हाये. खालच्या काळ्या रानात सोन्यासारखं चालंल. माझं रानच वाकडं हाये, त्याला ते काय करील?"

मग सोनूबाईंचे बैल आले. कवड्या आणि हरण्या. छोट्या दाताळ्याला जुंपलं, आणि पहिल्याच पावलाला दात खणखणले तसे दोघं बुजले. कवड्या तर मागंच सरकू लागला. गर्दीत कुणीतरी हसलं. सोनूबाईंनी दोघांना थांबवलं, हरण्याच्या मानेखाली खाजवलं, कवड्याला दाताळ्याजवळ आणून हुंगू दिलं. एकेक दात वाजवून दाखवला. "बघ, चावत न्हाई. गवत खातं, तुझ्यासारखंच." कवड्यानं कान हलवले. मग त्या लोखंडी बैठकीवर चढल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला बाबांनो."

दाताळं निघालं. दगड आला की त्या दगडापुरता एक दात वर चढायचा, टण्ण वाजून पलीकडं उतरायचा. शेजारचे आपलं काम करत राहायचे. उंचवटा आला, मधले दात वर. खड्डा आला, तेच दात खाली. गवत दातांच्या बाकात साचत गेलं, आणि भरलं की सोनूबाईंनी दांडा ओढला. दात उचलले, ढीग मागं राहिला, दात खाली, पुढं. बांधाशी बैल स्वतःहून वळले. त्या वळणावर ते आयुष्यभर वळत आलेले. काळ्या दगडापाशी दोन दात एकामागोमाग वाजले, टण्ण, टण्ण, आणि दगड जागचा हलला नाही.

बबलूनं ढिगातलं गवत उचललं, झटकलं. काही पडलं नाही. त्यानं ते नाकाशी धरलं.

एक अडचण होती. भरलेले दात उचलायला दांडा जड जात होता, सोनूबाईंना उठून ओढावा लागत होता. बबलूनं ट्रॅक्टरच्या पेटीतून पाइपचा तुकडा काढला, दांड्यावर चढवला, तारेनं आवळला. दांडा लांब झाला. "आता ओढ, माय." त्यांनी बसल्या जागेवरून दोन बोटांनी ओढावा तसा ओढला.

"ह्याला डोकं म्हणतात," त्या गर्दीकडं बघून म्हणाल्या. "माझं पोरगं हाये."

हरिओम कपाळ पुसत म्हणाला, "मावशी, मोठं खपलं असतं तर मला बरं होतं. पण पुढच्या चतुर्थीला तुम्ही राजूरला आल्या असत्या अन् मी दुकानात लपून बसलो असतो. हेच घ्या."

सौदा तिथंच झाला, हातावर हात मारून.

खरा खेळ मात्र पुढंच होता. सगळं गवत कापून झालं, उन्हात पसरलं, आणि ते वाळतंय तोच एका दुपारी डोंगराच्या डोक्यावर आभाळ जमू लागलं. मजूर नेहमीप्रमाणं कापसात. सोनूबाईंनी वर पाहिलं आणि बैल जुंपले. काय चालल्या त्या. पट्टीमागून पट्टी, दात वाजताहेत, ढीग पडताहेत. मागून शालू पेंढ्या बांधत होती, बबलू ट्रॉली भरून गंजीकडं नेत होता. मीही पेंढ्या बांधायला बसलो.

"आबा," शालू म्हणाली, "तुमची पेंढी सत्काराच्या गुच्छासारखी दिसून राह्यली. बैलांना देऊ का पाहुण्यांना?"

"ज्याचं काम चांगलं झालं त्याला दे," मी म्हणालो. ती पेंढी तिनं खरंच कवड्याला दिली.

आपलं शेवटचं गवत गंजीवर चढलं तरी सोनूबाई थांबल्या नाहीत. बांध ओलांडून सरळ पुंजारामच्या उतारात शिरल्या. त्याचंही बांधावर उगवलेलं थोडं गवत कापून पसरलेलं होतं. तो धावत आला.

"वहिनी, माझं राहू द्या, आभाळ आलं."

"आलं म्हणूनच आले. जल्दी पेंढ्या बांधा, बोलू नंतर."

त्याच्या गंजीवर ताडपत्री टाकून दोऱ्या आवळेपर्यंत थेंब टपटपू लागले. आम्ही सगळे ट्रॉलीखाली बसलो. पुंजाराम डोकं पुसत म्हणाला, "वहिनी, पुढच्या साली मला चार ठोंबं द्या."

"कशाची?"

"आता कशाची काय विचारता."

"न्हाई, तुमच्या तोंडून ऐकू द्या."

"गवताची," तो म्हणाला, आणि ट्रॉलीखाली एकच हशा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किटली घेऊन गेलो. पाऊस थांबला होता. सोनूबाई धार काढत होत्या. बबलू ओट्यावर उभा होता, त्याचा फोन वाजला. त्यानं आधी विचारून ठेवलेला जेसीबीवाला होता, रिकामा दिवस सापडलाय, बरडाचं काम कधी धरायचं, विचारत होता.

बबलूनं एकदा आईकडं पाहिलं. त्या कपिलेच्या कासेकडं बघत होत्या, पण धारेचा आवाज थांबला होता.

"न्हाई दादा," बबलू फोनवर म्हणाला. "आमचं बरड जसं हाये तसंच ठेवायचं हाये. हां, बिलकुल न्हाई. बांधाला हात लावायचा न्हाई." मग म्हणाला, "मोसंबी लावू की, पण खालच्या रानात."

धारेचा आवाज पुन्हा सुरू झाला. सोनूबाई उठल्या, गंजीतून नवी पेंढी ओढून कपिलेपुढं सोडली. गवत अजून हिरवट होतं. त्याचा गोड वास गोठाभर पसरला. गाईनं एकदा हुंगलं आणि मान खाली घालून खायला लागली. सोनूबाई कमरेवर हात ठेवून तिच्याकडं बघत राहिल्या, मी उभा आहे हेही विसरून.

मग किटली घेतली आणि भरायला लागल्या. माप कधीच झालं होतं. दूध काठावर आलं, थेंब खाली सांडले, तरी त्या ओततच होत्या.